जाणता : एका धातुसाधिताचा मागोवा

जुन्नरच्या एसटी स्टँडपासून शिवनेरीच्या पायथ्याला जाणाऱ्या रस्त्यावर शिवजयंतीच्या आठवड्यात थोडा वेळ उभं राहावं. मशाली घेऊन धावणारी पोरं, भगवे झेंडे लावलेल्या मोटारसायकली, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. आणि त्यांतल्या कितीतरींच्या पाठीवर रंगवलेले दोन शब्द : जाणता राजा. १९ फेब्रुवारी १६३० ला ज्या गडावर शिवाजी महाराज जन्मले, त्याच्या सावलीत हे शब्द वाचताना ते आपोआप पुरे वाटतात. काय जाणता, कशाचा जाणता, असं कोणी विचारत नाही.

मला तो प्रश्न पडला तो फार उशिरा, आणि लॅटिन शिकायला बसलो तेव्हा. 'जाणणे' या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे 'स्किरे'. त्याचं वर्तमानकालवाचक धातुसाधित 'स्कियेन्स'. वहीच्या समासात मी अर्थ लिहिला : जाणता. दुसऱ्या दिवशी विभक्त्यांचा तक्ता पाठ करताना लक्षात आलं, की मी नुसता अर्थ लिहिला नव्हता. त्या शब्दाचा भाऊबंदच त्याच्या शेजारी आणून बसवला होता.

आधी आपल्या शब्दाकडे बघू. 'जाणता' या तीन अक्षरांत चार तुकडे आहेत. मूळ धातू 'ज्ञा'. वर्तमानकाळात पाणिनी त्याच्या जागी 'जा' आणतो. पुढचा 'ण' हा खरं तर संस्कृतातल्या नवव्या गणाची खूण, 'जानाति'तला 'ना'. मराठीने तो धातूचाच भाग मानून टाकला. मग येतो 'त'. संस्कृत व्याकरणात ज्याला शतृ म्हणतात तो प्रत्यय, क्रिया चालू आहे हे सांगणारा. आणि शेवटचा 'आ' मराठी पुल्लिंगाचा. तो बदलला की जाणती, जाणतं, जाणते. म्हणजे शब्द बोलायला जेमतेम एक क्षण लागतो, पण त्यात वेदकाळापासून यादवकाळापर्यंतचे सगळे थर एकावर एक बसलेले आहेत.

यातला 'त' सगळ्यांत महत्त्वाचा. मराठीत तो जागोजागी आहे आणि आपल्याला दिसत नाही. वाहतं पाणी, दुभती म्हैस, पिकती जमीन, चालता-बोलता माणूस. दुभती म्हैस म्हणजे काल दूध दिलेली किंवा कधीतरी देईल अशी म्हैस नव्हे. जिचं दूध चालू आहे ती. 'जाणता'चंही तसंच. ज्याचं जाणणं चालू आहे तो. 'ज्ञात' हा शब्द त्याच धातूचा, पण तो संपलेल्या क्रियेचा आणि तोही जाणल्या गेलेल्या वस्तूचा. 'ज्ञानी' माणसाजवळ ज्ञान असतं, तिजोरीत सोनं असावं तसं. 'जाणत्या'जवळ काही साठवलेलं आहे असं हा शब्द म्हणत नाही. तो फक्त एवढंच म्हणतो, की हा माणूस आत्ता जाणतो आहे.

गंमत अशी, की या धातुसाधिताने मराठीत मूळ क्रियापदाचं राज्यच घेतलं. 'तो जाणतो', 'ती जाणते' असं आपण म्हणतो. संस्कृत 'जानाति' पुरुषाला आणि बाईला सारखंच, लॅटिन 'स्कित'ही तसंच. मग मराठीत क्रियापदाला लिंग आलं कुठून? ते आलं या 'त'मधून. 'जाणतो' हे मुळात 'जाणता (आहे)' आहे. धातुसाधित काळाच्या गादीवर बसलं आणि येताना आपलं लिंग घेऊन आलं. जुनं खरं रूप होतं 'जाणे', प्राकृत 'जाणइ'पासून आलेलं. ते हटलं, पण पुरतं गेलं नाही. आपण हताश होऊन 'देव जाणे' म्हणतो, 'कोण जाणे' म्हणतो, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचा वर्तमानकाळ बोलत असतो. रोजच्या व्यवहारातून बाद झालेलं रूप देवाच्या नावाने तेवढं शिल्लक राहिलं.

आता लॅटिन. 'स्कियेन्स' या प्रथमेच्या रूपात 'त' दिसत नाही. पण षष्ठी करा : 'स्कियेन्तिस'. द्वितीया : 'स्कियेन्तेम'. लपलेला 'न्त' बाहेर येतो. संस्कृतात अगदी हाच लपंडाव आहे. प्रथमेत 'जानन्', 'त' गायब. प्रथमेच्या बहुवचनात 'जानन्तः', 'न्त' हजर. ग्रीकमध्येही तेच : 'गिग्नोस्कोन' म्हणजे जाणता, षष्ठीत 'गिग्नोस्कोन्तोस'. तीन भाषा, तीन देश, आणि प्रत्यय एकच. मराठीपर्यंत येताना त्यातला 'न' झिजून गेला आणि 'त' उरला. मात्र काही शब्दांत तो 'न' अजून शाबूत आहे. 'जिवंत' घ्या. तो 'जीवन्त'च आहे, जगत असलेला. लॅटिनमध्ये त्याचं भावंड 'विवेन्स, विवेन्तिस', धातूही तोच आणि प्रत्ययही तोच. 'संत' हा शब्दही असाच. 'अस्' म्हणजे असणे, त्याचं वर्तमानकालवाचक धातुसाधित 'सत्', बहुवचन 'सन्तः'. ज्याला आपण संत म्हणतो तो व्याकरणाने फक्त 'असता' आहे. इंग्रजीतून आपल्या शाळांच्या हजेरीत आलेल्या 'प्रेझेंट'च्या शेपटाला लॅटिनचं तेच धातुसाधित आहे.

धातू मात्र वेगळा. 'ज्ञा'चं लॅटिन भावंड 'नोस्को' हे आहे, जुन्या काळी 'ग्नोस्को'. आपलं 'ज्ञात' म्हणजे त्यांचं 'नोतुस', आपलं 'अज्ञात' म्हणजे 'इग्नोतुस'. 'स्किरे'चं मूळ भाषाशास्त्रज्ञ बहुधा कापणे, वेगळं करणे या अर्थाच्या धातूकडे नेतात. 'छिद्' त्याच घराण्यातला. निवडणं आणि निवाडा यांत मराठीने जे नातं धरलं आहे, तेच तिथे दिसतं. खडा वेगळा, दाणा वेगळा, हे ज्याला करता येतं त्याला कळतं. आणि एक तिसरं धातुसाधित साऱ्या मानवजातीच्या नावात जाऊन बसलं आहे. स्वीडनच्या लिनीयसने १७५८ साली माणसाला 'होमो सेपियन्स' म्हटलं. ते 'सापेरे'चं धातुसाधित, आणि त्या क्रियापदाचा पहिला अर्थ चव असणं, चव लागणं. म्हणजे लॅटिनमध्ये जाणत्याचे तीन प्रकार : ओळखणारा, निवडणारा आणि चव कळणारा. आपण रसिक म्हणतो तो तिसरा.

'स्कियेन्स'ला भाववाचक प्रत्यय लावला की होतं 'स्कियेन्तिआ'. तेच पुढे फ्रेंच-इंग्रजीतलं 'सायन्स'. आपण त्याला विज्ञान म्हणतो आणि तो शब्द आता रुळलेला आहे. पण शब्दाची घडण पाहिली तर त्याचं तंतोतंत मराठी 'जाणतेपण' होतं.

आजोळी मी हा शब्द वेगळ्याच जोडीत ऐकत आलो. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आजोळ. तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते जुनं आंबेगाव याच धरणाच्या पाण्याखाली गेलं. लहानपणी कोणाच्या वाळत घातलेल्या बाळहिरड्यावरून मी धावत गेलो आणि सगळा हिरडा अंगणभर पांगला, तर आजी त्या घरच्यांना म्हणायची, ''नेणतं हाय ते, ऱ्हाऊ द्या.'' आणि गावात भांडण मिटवायचं असलं, की कोणीतरी म्हणायचं, ''कुणी जाणतं माणूस बोलवा.'' नेणतं आणि जाणतं. नेणत्याला माफी, जाणत्याला जबाबदारी. वयही यानेच मोजलं जायचं. मुलगी जाणती झाली म्हणजे मोठी झाली. कागदोपत्री आपण आज अठरा वर्षांच्या माणसाला 'सज्ञान' म्हणतो, तेही 'ज्ञा'च्याच घरातलं.

'नेणता' हा शब्द मला जाणत्याहून प्रिय आहे आणि त्याचा इतिहास तर जुन्नरच्या दगडातच सापडतो. 'न' आणि 'जाणणे' मिळून 'नेणणे' झालं, पण मधला 'ज' गेला कुठे? प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला 'ज' टिकत नाही, त्याचा 'य' होतो किंवा तो पार गळून पडतो. 'जाणइ'मध्ये 'ज' शब्दाच्या तोंडाशी आहे, म्हणून वाचला. 'न' पुढे येऊन चिकटला, की तो मध्ये सापडला. 'न जाणइ'चं प्राकृतात 'णयाणइ', 'ण आणइ' झालं आणि मराठीत 'नेणे'. 

आता जुन्नरहून पश्चिमेला घाटघरमार्गे नाणेघाटात जा. घाटाच्या माथ्याशी जे लेणं आहे, त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, साधारणपणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीत. पावलांच्या खुणा आणि वरची नावं राहिली. त्यांत सातवाहनांच्या मूळपुरुषाच्या, सिमुकाच्या नावाआधी 'राया' असं कोरलेलं आहे. 'राजा'चा 'राया'. दोन स्वरांमधला 'ज' पुसला गेला त्याची ही दगडातली साक्ष. ज्या नियमाने 'राजा'चा 'राया' झाला त्याच नियमाने 'न जाण'चा 'नेण' झाला. टेम्पोच्या पाठीवरचे दोन्ही शब्द या एका 'ज'ने बांधलेले आहेत : 'जाणता'त तो तगला, कारण तोंडाशी होता, 'राजा'त तो संस्कृताच्या आधाराने परत आला, 'नेणता'त तो कायमचा गेला.

त्याच लेखात सिमुकाला 'सिरिमातो' म्हटलं आहे, म्हणजे श्रीमान, श्रीमंत. हे विशेषण ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

लॅटिनने हाच खेळ खेळला. 'ने' म्हणजे न, 'स्किओ' म्हणजे मी जाणतो. दोन्ही जुळून 'नेस्किओ', मी नेणे. नकार आणि जाणणं यांचं एवढं घट्ट जुळणं मला फार बोलकं वाटतं. न खाणे, न चालणे यांचे एकजीव शब्द झाले नाहीत. न जाणण्याचा मात्र दोन्हीकडे स्वतंत्र धातूच झाला. त्या 'नेस्किओ'चं विशेषण 'नेस्कियुस', नेणता. ते स्पॅनिशमध्ये 'नेसिओ' झालं, अर्थ मूर्ख. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं तिथेही आधी मूर्ख, मग बुजरा, मग नाजूक, असं करत करत शेवटी 'नाइस' म्हणजे छान. माझ्या आजीचं 'नेणतं' याच वाटेवरचं आहे. ज्याला कळत नाही ते गोड. आपल्याकडे या शब्दाचा गोडवा लेकरापुरता राहिला, तिकडे तो साऱ्या जगाला लागू झाला.

यवन, म्हणजे मुळात ग्रीक लोक, नाणेघाटाच्या या वाटेवर होते, हेही जुन्नरचीच लेणी सांगतात. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतल्या दानलेखांत इरिल, चिट, चंद अशा नावांच्या यवनांची दानं नोंदलेली आहेत, पाण्याची टाकी, भोजनमंडप अशी. त्यांच्या घरात ग्रीक बोललं जात होतं का, हे दगड सांगत नाही. लेख प्राकृतात आहेत. पण कल्याण-सोपाऱ्याहून भूमध्य समुद्राकडे माल जात होता त्या काळात, या बाजारात 'जाणइ' म्हणणारी आणि 'गिग्नोस्को' म्हणणारी माणसं एकमेकांशी भाव करत असणं अगदी शक्य आहे. एकाच धातूची दोन टोकं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो : काय जाणता, की कशाचा जाणता? हा फरक मला लॅटिनच्या व्याकरणाने शिकवला आणि मग तो मराठीतही दिसू लागला. लॅटिनमध्ये वर्तमान धातुसाधिताला कर्म द्वितीयेत दिलं तर ते क्रियापदासारखं वागतं : या क्षणी ही गोष्ट जाणत असलेला. तेच षष्ठीत दिलं तर तो गुण होतो, अंगी मुरलेला, कायमचा. होरेसच्या एका कवितेत एका स्त्रीला तंतुवाद्याची 'स्कियेन्स' म्हटलं आहे, वाद्य षष्ठीत. ती त्या घडीला वाजवत असो वा नसो, ती त्या वाद्याची जाणती आहे. 

मराठीत बघा. 'शेती जाणणारा' आणि 'शेतीचा जाणकार'. पहिल्यात शेती हे कर्म आहे, दुसऱ्यात षष्ठी. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटवर नुसता हात फिरवून माल किती दिवस टिकेल ते सांगणारा माणूस 'मालाचा जाणकार'. कोणाला तरी आज विचारून कळलं, तो फक्त 'भाव जाणतो'. रोमन आणि मराठी माणसाने एकमेकांना न विचारता मुरलेल्या जाणतेपणासाठी षष्ठीच निवडली. षष्ठी ही नात्याची विभक्ती. ज्या गोष्टीशी नातं जडलं तिचा माणूस जाणकार होतो, असं या दोन्ही भाषांना वाटलं असावं.

आणि मग 'जाणता राजा'. तिथे कर्मही नाही आणि षष्ठीही नाही. 

हे शब्द समर्थ रामदासांच्या शिवरायांना लिहिलेल्या काव्यरूप पत्रातले, हे सर्वांना माहीत आहे. पत्राच्या काळाबद्दल आणि दोघांच्या भेटीबद्दल इतिहासकारांत मोठा वाद आहे. तो मी इथे आणत नाही. मला दिसते ती त्या पत्रातली शब्दांची घडण. यश, कीर्ती, सामर्थ्य, पुण्य, एकेका गुणाला रामदासांनी 'वंत' हा प्रत्यय लावला आहे. वंत म्हणजे ज्याच्याजवळ ते आहे असा. यश आहे, कीर्ती आहे, सामर्थ्य आहे. नाणेघाटातल्या सिमुकाचं 'सिरिमातो' याच जातीचं : श्री जवळ असलेला. राजाची स्तुती दोन हजार वर्षं याच प्रत्ययाने होत आली. पण त्या रांगेच्या शेवटी, जिथे 'ज्ञानवंत' सहज बसलं असतं, तिथे रामदासांनी 'वंत' सोडला आणि धातुसाधित आणलं. बाकी सगळं राजाजवळ आहे. जाणणं मात्र तो करतो आहे. 

मी हे वृत्ताच्या सोयीपुरतं मानायला तयार नाही. रामदास या धातूकडे आयुष्यभर बारकाईने बघत होते. दासबोधाच्या नवव्या दशकात 'जाणपण निरूपण' नावाचा पूर्ण समास आहे. दुसऱ्या दशकात 'पढतमूर्ख' आहे, आणि त्यातलं 'पढत' हेही धातुसाधितच. पढत असलेला, तरी मूर्ख. पढणं चालू आहे आणि जाणणं बंद आहे, असा माणूस. ज्याला 'पढत' आणि 'जाणता' यांतलं अंतर इतकं नेमकं दिसत होतं, त्याने राजासाठी हा शब्द चुकून निवडला नसेल. त्याच पत्रात सर्वज्ञपणाचाही उल्लेख आहे. पण लोकांनी 'सर्वज्ञ' उचलला नाही. टेम्पोवर 'सर्वज्ञ राजा' कोणी रंगवत नाही. लोकांच्या कानाने 'जाणता'च निवडला, कारण तो त्यांच्या घरातला शब्द होता. भांडण मिटवायला बोलवायच्या माणसाचा.

पुढे बाबासाहेब पुरंदऱ्यांनी १९८५ च्या सुमारास हत्ती-घोड्यांसह रंगमंचावर आणलेल्या महानाट्याला हेच नाव दिलं, आणि ते शब्द महाराष्ट्राबाहेरही गेले. मग ती उपाधी झाली. आज ती हयात पुढाऱ्यांच्या फलकांवरही लागते आणि ती कोणाला लावावी यावरून भांडणंही होतात. माझ्या मते या भांडणांत सगळे एकच चूक करतात. धातुसाधित कोणाच्या मालकीचं होऊ शकत नाही. ते क्रिया आहे. क्रिया थांबली की शब्द लागू होत नाही. दुभती म्हैस आटली की तिला कोणी दुभती म्हणत नाही.

लॅटिन जुन्नर-आंबेगावच्या मुलखात कधी आलीच नाही का? पुस्तकातून नाही आली, पण तिचा एक आवाज आला. भीमाशंकरच्या देवळासमोर जी मोठी घंटा टांगलेली आहे ती चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली, असं सांगितलं जातं. वसईच्या चर्चमध्ये ती वाजत होती तेव्हा तिच्या नादावर जी उपासना चाले ती लॅटिनमध्ये. आता तीच घंटा शिवरात्रीला वाजते. भाषा मागे राहिली, धातू इकडे आला.

व्याकरणाच्या बाजूने भेट झाली ती मात्र गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, १६१६ साली त्याचं मराठी क्रिस्तपुराण छापून निघालं. त्याने कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं. ज्याच्या डोक्यात लॅटिनचे तक्ते पक्के बसलेले, त्याने आपल्या इकडच्या भाषेची क्रियापदं त्या तक्त्यांत बसवून पाहिली. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर नमुना इंग्रजीचा होता, आणि इंग्रजी व्याकरण स्वतः लॅटिनच्या साच्यातून निघालेलं. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त हे सगळं पुन्हा मुळापासून तपासलं. शाळेत आपण धातुसाधितं पाठ केली ती या वाटेने आली, म्हणून ती कोरडी वाटली. कोणी सांगितलं नाही, की 'दुभती' आणि 'जिवंत' आणि 'संत' ही धातुसाधितं आहेत.

जाणण्याचा काळोखा अर्थही आहे, तो लपवू नये. खेड्यापाड्यांत देवऋष्याला, भगतालाही 'जाणता' म्हणण्याची रीत होती. पोराला ताप आला, जनावर दूध देईना, की ''जाणत्याला विचारा.'' इथे कर्म मुद्दाम गाळलेलं. तो काय जाणतो हे न सांगण्यातच त्याचं वजन. या न सांगितलेल्या कर्माने किती बायकांना चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलं, हे आदिवासी पट्ट्यातल्या जुन्या माणसांना विचारावं. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशाच जाणत्यांसाठी. याच डोंगरात दुसरे जाणतेही आहेत : कोणत्या झाडाचा हिरडा कधी झोडायचा, कोणती रानभाजी कोणत्या पावसात खायची, हे ओळखणारे महादेव कोळी म्हातारे-म्हाताऱ्या. त्यांना कोणी काही विचारलं, की ते बोटाने दाखवतात. त्यांच्या जाणण्याला कर्म आहे.

रोमन लोकांना कर्माचं आणि जाणतेपणाचं हे वजन नीट माहीत होतं. त्यांच्या जुन्या एका शपथेत हातात दगड घेऊन म्हणायचं असे, की मी जाणत असताना फसवलं, तर देवाने मला या दगडासारखं फेकून द्यावं. शपथेतला कळीचा शब्द हाच, 'स्कियेन्स'. नेणतेपणी चूक झाली तर देव सोडून देईल. त्यावरून निघालेलं क्रियाविशेषण 'स्कियेन्तेर' इंग्रज न्यायालयांत शतकानुशतकं चाललं : तुझ्या जनावराने कोणाला इजा केली, पण ते मारकं आहे हे तुला आधी माहीत होतं का? आपल्या गावात मारका बैल मोकळा सोडणाऱ्याला चार माणसं हेच विचारतात. आपल्या कायद्याच्या मराठीत त्यासाठी 'जाणीवपूर्वक' आला, बोलण्यात 'जाणूनबुजून'. माझ्या आजीने हिरडा तुडवणाऱ्या पोराला 'नेणतं' म्हणून सोडवलं, तेव्हा ती हाच कायदा चालवत होती.

आळेफाट्याजवळ आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असं म्हणतात, त्या रेड्याची. लोक श्रद्धेने जातात, मीही गेलो आहे. कथा सगळ्यांना पाठ आहे आणि तिचा रोख पैठणच्या पंडितांवर आहे, हेही. पण तिथे उभा असताना मला व्याकरण आठवलं. रेडा पढत होता. जाणत होता की नाही ते कथा सांगत नाही. जाणत होते ते दुसरेच कोणी, ज्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्ञानेश्वरांच्या भाषेत 'जाणणे' आणि 'नेणणे' एकमेकांत गुंतलेले धागे आहेत, आणि हरिपाठातली जाणीव-नेणीव वारकऱ्यांच्या तोंडी रोज असते. विसाव्या शतकात मनाच्या न कळणाऱ्या तळासाठी मराठी मानसशास्त्राला शब्द हवा होता, तेव्हा त्याने हीच 'नेणीव' घेतली. 

'जाणता'ची काळजी करायचं कारण नाही. तो शिवनेरीच्या आधाराने जगेल. 'नेणता' मात्र आमच्या डोळ्यांदेखत चालला आहे. माझ्या पिढीतलं कोणी आपल्या लेकराला नेणतं म्हणत नाही. 'छोटा आहे', 'त्याला समजत नाही', एवढंच. ज्या शब्दातला 'ज' सातवाहनांच्या काळात झिजला, तो शब्द आपल्या काळात मुळातून पुसला जाईल. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, कुठेही तुमच्या घरी सत्तरी ओलांडलेलं जाणतं माणूस असेल, तर या दिवाळीला त्याला 'नेणतं' हा शब्द कधी आणि कोणासाठी वापरायचे ते विचारा, आणि त्याने सांगितलेलं वाक्य त्याच्याच उच्चारात वहीत उतरवून ठेवा.